नीत्शेचा नास्तिवाद आणि जीवनस्वीकार : एक चिकित्सा

प्रास्ताविक

फ्रीड्रिख नीत्शे (१८४४-१९००) या जर्मन तत्त्वचिंतकाविषयी दोन परस्परविरोधी समज दीर्घकाळ रूढ आहेत. एका समजानुसार तो ईश्वर, नीती आणि सत्य या सर्वांचा उच्छेद करू पाहणारा नास्तिवादी होता. दुसऱ्या समजानुसार तो जीवनाचा उत्सव मांडणारा, खचलेल्या मनाला उभारी देणारा आशावादी होता. पहिल्या मतात त्याने केलेले निदान हाच त्याचा रोग ठरवला जातो. दुसऱ्या मतात त्याने सुचवलेला उपाय निदानापासून तोडून स्वतंत्रपणे वापरला जातो. नास्तिवाद आणि जीवनस्वीकार या नीत्शेच्या दोन वेगळ्या भूमिका असून त्यांपैकी एक निवडता येते, हे दोन्ही मतांत गृहीत धरलेले आहे.

हे गृहीतकच तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. नीत्शेच्या विचारात नास्तिवादाचे टोक आणि स्वीकाराचे टोक एकाच कल्पनेत, म्हणजे चिरंतन पुनरावर्तनाच्या कल्पनेत, एकत्र येतात. त्यामुळे त्याचा जीवनस्वीकार नास्तिवादाला बाहेरून दिलेले उत्तर ठरत नाही. तो नास्तिवादातून पूर्णपणे पार पडल्यावरच संभवतो. हे मान्य केले तर या स्वीकाराचा अधिकार कोणाला आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्नही टाळता येत नाही. त्या प्रश्नाची मांडणी निबंधाच्या उत्तरार्धात केली आहे.

संज्ञेविषयी

‘निहिलिझम’ ही संज्ञा नीत्शेने घडवलेली नाही. याकोबीने १७९९ मध्ये फिख्टेला लिहिलेल्या खुल्या पत्रात चिद्वादावर आक्षेप घेताना ती वापरली होती. तुर्गेनेव्हच्या १८६२ च्या ‘पिता आणि पुत्र’ या कादंबरीमुळे ती युरोपभर पोहोचली. मराठीत तिच्यासाठी ‘शून्यवाद’ आणि ‘नास्तिवाद’ असे दोन्ही शब्द आढळतात. त्यांपैकी ‘शून्यवाद’ हा शब्द येथे टाळला आहे. त्या शब्दासरशी भारतीय वाचकाला नागार्जुनाचा माध्यमिक विचार आठवतो, आणि तो विचार तर उच्छेदवादाचा स्पष्ट निषेध करतो. ‘नास्तिवाद’ हा शब्द स्वीकारतानाही एक खुलासा आवश्यक आहे. येथे त्याचा अर्थ ‘ईश्वर नाही’ असे मानणे एवढाच नाही. आजवर जी मूल्ये सर्वोच्च मानली गेली ती आपले मूल्यत्व गमावून बसतात आणि ‘कशासाठी?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही, ही अवस्था त्याने अभिप्रेत आहे.

हा भेद ‘आनंदमय ज्ञान’ (१८८२) या ग्रंथातील वेड्या माणसाच्या प्रसिद्ध प्रसंगात दिसतो. भर सकाळी कंदील घेऊन बाजारात आलेला हा माणूस ईश्वराच्या मृत्यूची वार्ता सांगतो, तेव्हा त्याला हसणारे लोक श्रद्धाळू नसतात. त्यांचा ईश्वरावरील विश्वास आधीच उडालेला असतो. निरीश्वरवाद त्यांना पचलेला आहे, पण त्याचे परिणाम त्यांच्या ध्यानी आलेले नाहीत. ईश्वराच्या आधारावर उभी असलेली नीती, सत्याची प्रतिष्ठा आणि इतिहासाला काही उद्दिष्ट आहे ही खात्री जशीच्या तशी टिकेल, असे ते समजतात. नीत्शेचा रोख या निश्चिंतपणावर आहे.

नास्तिवादाची कारणमीमांसा

दुःख, दारिद्र्य किंवा सामाजिक अवनती यांतून नास्तिवाद जन्मतो, ही उपपत्ती नीत्शे नाकारतो. त्याच्या मते दुःखाचे अनेक अर्थ लावता येतात. नास्तिवादाचे मूळ जगाच्या एका विशिष्ट अर्थनिर्णयात, म्हणजे ख्रिस्ती नैतिक अर्थनिर्णयात आहे. ‘नीतीची वंशावळ’ (१८८७) या ग्रंथाच्या तिसऱ्या निबंधात या मीमांसेचा विस्तार आढळतो. माणसाला दुःख असह्य होते ते दुःख म्हणून नव्हे, तर निरर्थक दुःख म्हणून. वैराग्याच्या आदर्शाने या निरर्थकतेला अर्थ पुरवला. दुःख भोगणाऱ्याला त्याचे कारण त्याच्याच पापात दाखवून दिले. त्यामुळे दुःख कमी झाले नाही, उलट अपराधभावाची त्यात भर पडली. परंतु इच्छाशक्ती वाचली. काहीच न इच्छिण्यापेक्षा माणसाने शून्याची इच्छा करणे पत्करले, असा या निबंधाचा निष्कर्ष आहे.

मात्र या व्यवस्थेतच तिच्या विनाशाचे बीज होते. ख्रिस्ती नीतीने सत्यनिष्ठेला सद्गुण मानून शतकानुशतके जोपासले. पापनिवेदनाच्या निमित्ताने अंतःकरण तपासण्याची सवय लागली. पुढे तीच सवय वैज्ञानिक प्रामाणिकपणात रूपांतरित झाली, आणि अखेरीस या सत्यनिष्ठेने आपल्या जननीचीच, म्हणजे नीतीची, झडती घेतली. नीतीला आधार असलेला ईश्वर तिला टिकाऊ वाटेना. याचा अर्थ नास्तिवाद हा युरोपीय मूल्यव्यवस्थेवर बाहेरून झालेला आघात नव्हता. तिच्याच श्रेष्ठ गुणाने तिचा घेतलेला तो निरोप होता. यामुळे ‘जुन्या श्रद्धेकडे परत चला’ हा उपाय नीत्शेला खुला राहत नाही. परत जायचे तर सत्यनिष्ठा सोडावी लागेल, आणि ती सोडणे हीच अप्रामाणिकता ठरेल.

लेंझरहाइडे येथील टिपण

नीत्शेच्या नास्तिवादविषयक चिंतनाचा सर्वांत सुसंगत मसुदा त्याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नाही. तो १० जून १८८७ रोजी स्वित्झर्लंडमधील लेंझरहाइडे येथे लिहिलेल्या, सोळा अनुक्रमांकित परिच्छेदांच्या टिपणात आहे. ‘युरोपीय नास्तिवाद’ असे त्याचे शीर्षक आहे. या टिपणाचा पुढील इतिहास अर्थनिर्णयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. जानेवारी १८८९ मध्ये तुरीन येथे नीत्शेची बुद्धी ढासळली. त्यानंतर त्याची हस्तलिखिते बहीण एलिझाबेथ फर्स्टर-नीत्शे हिच्या ताब्यात गेली. तिच्या देखरेखीखाली ‘सामर्थ्येच्छा’ या नावाने टिपणांचे संकलन १९०१ मध्ये निघाले. १९०६ च्या वाढीव आवृत्तीत टिपणांची संख्या १०६७ झाली. या आवृत्तीत लेंझरहाइडे टिपणाचे चार तुकडे करून ते चार वेगवेगळ्या क्रमांकांखाली विखुरले गेले. विसाव्या शतकातील कित्येक वाचकांनी नीत्शेचा नास्तिवाद या संकलनातूनच वाचला. १९६७ पासून कोल्ली आणि मोंतिनारी यांनी संपादिलेली चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा हे टिपण अखंड स्वरूपात सहज उपलब्ध झाले.

अखंड वाचले असता टिपणाची वाटचाल ध्यानात येते. आरंभी नीतीच्या गृहीतकाने माणसाला काय दिले याचा हिशेब आहे. विश्वाच्या अफाट पसाऱ्यात क्षुद्र आणि आकस्मिक असलेल्या माणसाला तिने निरपेक्ष मूल्य दिले, आणि जगातील अनिष्टालाही अर्थ मिळवून दिला. त्यानंतर सत्यनिष्ठेने हे गृहीतक कसे पोखरले ते येते. मध्यभागी नीत्शे नास्तिवादाचे सर्वांत भयंकर रूप मांडतो. जीवन जसे आहे तसे, अर्थाविना आणि हेतूविना, पुन्हा पुन्हा येत राहते, आणि त्याला शून्यातही शेवट लाभत नाही. या रूपाला तो नास्तिवादाचे आत्यंतिक रूप म्हणतो, आणि त्याच ओघात त्याला बौद्धमताचा युरोपीय अवतारही म्हणतो. येथे त्याचे बौद्धमताचे आकलन शोपेनहाउअरच्या छायेतले आहे, हे नमूद केले पाहिजे. निर्वाण हा तर आवर्तनातून सुटण्याचा मार्ग आहे, आणि नीत्शेच्या या कल्पनेत सुटकेलाच जागा नाही.

या टिपणातील महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या पुनरावर्तनाला येथे नास्तिवादाचे टोक म्हटले आहे, त्यालाच १८८८ मध्ये लिहिलेल्या आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्के होमो’ या आत्मपर ग्रंथात नीत्शे जीवनस्वीकाराचे सर्वोच्च सूत्र म्हणतो. ही विसंगती नाही. कल्पना एकच आहे, ती ऐकणारा बदलला आहे. जगाने आपल्याला अर्थ देणे लागते असे ज्याला अजून वाटते, त्याला पुनरावर्तन हा शाप वाटेल. ज्याने ही मागणी सोडली आहे, त्याला तीच गोष्ट वर वाटू शकेल.

पुनरावर्तन : सिद्धांत की कसोटी?

पुनरावर्तनाची कल्पना भारतीय वाचकाला परिचित वाटते, आणि गैरसमजाचा आरंभही तेथूनच होतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) पुनर्जन्माच्या चर्चेत या निरीश्वरवादी जर्मन पंडिताची दखल घेतली, हे त्यांच्या व्यासंगाचे द्योतक आहे. तथापि पुनर्जन्म आणि पुनरावर्तन यांतील अंतर मूलभूत आहे. पुनर्जन्मात जीव तोच राहतो, पण जन्म बदलतो. कर्माचे फळ मिळते, उन्नती संभवते आणि मोक्षाची वाट मोकळी असते. नीत्शेच्या पुनरावर्तनात हेच जीवन त्याच तपशिलांसह, त्याच क्रमाने परत येते. त्यात कर्मफळाचा हिशेब नाही, सुधारणेची संधी नाही आणि सुटकाही नाही. पुनर्जन्म दुःखाला न्यायाचा अर्थ देतो. पुनरावर्तन तो अर्थ काढून घेते.

ही कल्पना विश्वरचनेचा सिद्धांत आहे की नैतिक कसोटी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कार्ल लोविट याने १९३५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की नीत्शेच्या लेखनात दोन्ही अंगे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. सर्व काही अटळपणे परतणार असेल तर ‘असे जग की तुला ते पुन्हा हवे वाटेल’ या आवाहनाला अर्थ उरत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु ‘आनंदमय ज्ञान’मधील ३४१ व्या परिच्छेदात ही कल्पना प्रथम येते तेव्हा ती विधान म्हणून येत नाही. अगदी एकाकी क्षणी एक भूत येऊन पुनरावर्तनाची वार्ता सांगेल तर तू दात खाऊन त्याला शाप देशील, की याहून दिव्य काही ऐकले नाही असे म्हणशील, एवढाच प्रश्न तेथे आहे. वार्तेचा खरेखोटेपणा गौण आहे. उत्तरातून ऐकणाऱ्याचे जीवनाशी असलेले नाते उघड होते, आणि कसोटीचे काम एवढेच असते.

जिल देलझ याने १९६२ मध्ये वेगळी वाट काढली. त्याच्या मते पुनरावर्तन निवड करते. जे सक्रिय आणि होकारी आहे तेच परतते, क्षुद्र आणि प्रतिक्रियात्मक असलेले गळून पडते. हा अर्थ आकर्षक असला तरी ‘झरथुष्ट्र असे बोलला’ (१८८३-८५) या ग्रंथाच्या तिसऱ्या भागाशी तो विसंगत आहे. तेथे झरथुष्ट्र आजारी पडतो तो नेमका क्षुद्र माणूसही चिरंतन परतणार या विचाराच्या किळसेने. क्षुद्र माणूस परतणारच नसेल तर किळस कशाची आणि बरे होणे तरी कशातून? देलझच्या अर्थनिर्णयात कसोटीतील अवघड प्रश्नच वगळला जातो. जे नको आहे ते आधीच वजा करून उरलेल्याला दिलेल्या होकाराला किंमत नसते.

होकाराचे स्वरूप

मग या होकाराचे स्वरूप काय? ‘जीवन एकंदरीत चांगले आहे’ असा तो निवाडा नाही. ‘मूर्तींचा संधिकाल’ (१८८९) या ग्रंथात नीत्शे म्हणतो की जीवनाच्या मूल्याचे मोजमाप जिवंत माणसाला करता येत नाही, कारण तो स्वतः या वादातील पक्षकार आहे. हे तत्त्व निराशावादाला लागू आहे तसेच आशावादालाही लागू आहे. शोपेनहाउअरने सुखदुःखाचा ताळेबंद मांडून जीवनाला तोट्याचा व्यवहार ठरवले. नीत्शेने तोच ताळेबंद नफ्याचा करून दाखवला, असे समजणे चूक आहे. त्याने ताळेबंदाची वहीच बाजूला ठेवली.

१८८७-८८ च्या हिवाळ्यातील एका टिपणात हा मुद्दा अधिक नेमका होतो. हेतू, एकता आणि सत्य या तीन कल्पना माणसाने जगात घातल्या. त्या जगात सापडत नाहीत असे दिसताच जग त्याला मूल्यहीन वाटू लागले. परंतु या कल्पना जगाला लागू पडत नाहीत, एवढ्याने जगाचे मूल्य कमी होत नाही. फसले आहे ते माप. ‘मूर्तींचा संधिकाल’मधील ‘सत्य जगा’च्या इतिहासाचा शेवटही असाच आहे. सत्य जग गेले की त्याच्या तुलनेत ज्याला आभास म्हटले ते जगही आभास म्हणून उरत नाही. त्याच न्यायाने बाहेरून येणाऱ्या अर्थाची मागणी संपली की ‘निरर्थकता’ हे दूषणही संपते. नास्तिवादी माणूस ईश्वर सोडतो, पण ईश्वराने भरायची रिकामी जागा सोडत नाही. ती जागाच नाहीशी होणे म्हणजे नास्तिवाद पूर्णत्वाला जाणे, आणि जीवनस्वीकाराची सुरुवातही तेथेच होते.

हायडेगरने १९३६ ते १९४० या काळातील व्याख्यानांत असा आक्षेप घेतला की, मूल्यांच्या भाषेत विचार करणारा नीत्शे नास्तिवाद ओलांडत नाही, तो पूर्ण करतो. ही व्याख्याने १९६१ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्यांचा भर प्रामुख्याने ‘सामर्थ्येच्छा’ या संकलनावर आहे. ‘पूर्ण करणे’ आणि ‘ओलांडणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत असे मानले तरच हा आक्षेप लागू पडतो. नीत्शेला हा भेद मान्य नव्हता, असे लेंझरहाइडे टिपणावरून म्हणता येईल. बर्नार्ड रेजिन्स्टर याने २००६ मध्ये अधिक उपयुक्त विवेचन केले. त्याच्या मते सामर्थ्येच्छा ही मुळात प्रतिकारावर मात करण्याची इच्छा आहे. प्रतिकार म्हणजेच काही प्रमाणात दुःख. म्हणून ज्याला मात करण्यात मूल्य दिसते, त्याला दुःखाचा निषेध करता येत नाही. स्वतःच्या दुःखाच्या बाबतीत हे पटण्याजोगे आहे. डोकेदुखी आणि क्षीण दृष्टी यांमुळे १८७९ मध्ये बाझेल येथील प्राध्यापकपद सोडावे लागलेल्या नीत्शेला या विषयावर बोलण्याचा अधिकारही होता. परंतु ज्या दुःखावर मात करण्याची संधीच दिली जात नाही, किंवा जे दुःख दुसऱ्याने लादलेले असते, त्याचे काय? हा प्रश्न या विवेचनात अनुत्तरित राहतो.

स्वीकाराचा अधिकार आणि मनूची स्तुती

नीत्शेच्या विचारातील खरी अडचण येथे आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकाला ती दुरून पाहता येत नाही. ‘ख्रिस्तविरोधक’ या १८८८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात नीत्शे मनुस्मृतीची मुक्तकंठाने स्तुती करतो. त्याच्यासमोर होता तो लुई जाकोल्यो याचा अविश्वसनीय फ्रेंच अनुवाद. पण दोष केवळ अनुवादाचा नाही. जातिव्यवस्था ही निसर्गातील श्रेणीक्रमावर उमटवलेली मोहोर आहे, असे तो म्हणतो. धर्मशास्त्राला पवित्र असत्याचा आधार लागतो हेही तो जाणतो, आणि मनूचे उद्दिष्ट उदात्त होते असे म्हणून ते असत्य क्षम्य ठरवतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’ या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात (महाराष्ट्र शासनाचा तिसरा खंड, १९८७) नीत्शे आणि मनू यांना समोरासमोर ठेवले आहे. झरथुष्ट्रात त्यांना मनूचीच नवी आवृत्ती दिसते. तरीही त्यांनी एक भेद काटेकोरपणे नोंदवला आहे. नीत्शेचा अतिमानव गुणाने श्रेष्ठ आहे आणि मनूचा श्रेष्ठ मानव केवळ जन्माने श्रेष्ठ आहे. ज्यांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीच्या दहनाचे नेतृत्व केले, त्यांनी नीत्शेला दिलेला हा न्याय उल्लेखनीय आहे.

आंबेडकरांची टीका आणखी एक पाऊल पुढे नेता येते. मनूची स्तुती नीत्शेच्या स्वतःच्या कसोटीला उतरत नाही. ‘नीतीची वंशावळ’मध्ये ज्या पुरोहितावर त्याने झोड उठवली, त्याचे काम काय होते? दुःख भोगणाऱ्याला त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच दोषात दाखवणे. जन्माधिष्ठित व्यवस्था आणि पूर्वकर्माचा सिद्धांत मिळून नेमके हेच काम करतात. चांडाळाला त्याचे हाल त्याच्याच मागील जन्माच्या हिशेबात दाखवले जातात. म्हणजे जी अर्थपुरवठ्याची यंत्रणा नीत्शेने युरोपात उघडी पाडली, तिचाच भारतीय नमुना त्याने आदर्श मानला. ज्या सत्यनिष्ठेने ख्रिस्ती नीतीची झडती घेतली, ती मनूच्या दारात थबकली.

या विसंगतीतून जीवनस्वीकाराची मर्यादा स्पष्ट होते, आणि तिचे बळही दिसते. ३४१ व्या परिच्छेदातील प्रश्न ‘तुला’ विचारलेला आहे, तोही तुझ्या एकांतात. तो प्रथमपुरुषी उत्तराचा प्रश्न आहे. ‘झरथुष्ट्र’च्या दुसऱ्या भागात मुक्तीविषयी जे प्रवचन आहे, त्यातही ‘जे होऊन गेले’ त्याच्याविषयी इच्छाशक्तीला वाटणारा सूड संपवण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे आहे. दुसऱ्याच्या भूतकाळाला त्याच्या वतीने होकार देता येत नाही. अन्याय सोसणाऱ्याला ‘तू आपले जीवन स्वीकार’ असा उपदेश जो बाहेरून करतो, तो नीत्शेचा अनुयायी ठरत नाही. त्याने वैराग्याच्या पुरोहिताची गादी चालवली, एवढेच म्हणता येईल. याउलट अन्यायाला विरोध करणे हे जीवनस्वीकाराच्या विरुद्ध नाही. लादलेला अर्थ झुगारणे ही त्या स्वीकाराची पहिली पायरी असू शकते. नीत्शेने स्वतः हा निष्कर्ष काढला नाही. त्याच्या विचारात मात्र तो निघतो.

समारोप

नास्तिवाद हा सर्वोच्च मूल्यांच्याच सत्यनिष्ठेचा परिणाम आहे. म्हणून मागे फिरून त्याच्यावर मात करता येत नाही. पुनरावर्तनाची कल्पना नवा अर्थ पुरवत नाही, ती अर्थाच्या मागणीचीच परीक्षा घेते. या परीक्षेतून उमटणारा होकार हा जीवनाविषयीचा निवाडा नसतो. ते व्यक्तीचे स्वतःच्या जीवनाशी असलेले नाते असते आणि ते दुसऱ्यावर लादता येत नाही. नीत्शेने ही मर्यादा सर्वत्र पाळली नाही. जेथे त्याने ती ओलांडली तेथे तो आपल्याच निदानाला पारखा झाला.

लेंझरहाइडे टिपणाच्या अखेरीस नीत्शे विचारतो की या संकटात सर्वांत सामर्थ्यवान कोण ठरतील. ज्यांना टोकाच्या श्रद्धांची गरज नाही, जे योगायोग आणि निरर्थकता यांचा मोठा वाटा मान्य करूनही त्यामुळे स्वतः लहान होत नाहीत, असे संयमी लोक, हे त्याचे उत्तर आहे. असा माणूस पुनरावर्तनाचा विचार कसा करील, या प्रश्नावर टिपण थांबते. त्याचे उत्तर नीत्शेने तेथे लिहिलेले नाही.